चौकशीतला गेंडा

साहेब केबिनमधून बाहेर आले आणि टायपिस्ट बाईंनी तोंडात रुमाल कोंबला. शेजारच्या टेबलावर लांबूनं काहीतरी घाईघाईनं खणात सरकवलं. हा ताडमाड कारकून ऑफिसात याच नावानं ओळखला जाई.

साहेबांच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला. कुलपांच्या कंपनीचा तक्रार विभाग सांभाळून त्यांचा कोणावरच विश्वास उरला नव्हता. किल्ली हरवली म्हणणाऱ्याचं मुळात कुलूप तरी स्वतःचं आहे का, इथून त्यांची सुरुवात होई. पाणी प्यायच्या निमित्तानं ते कपाटाआड जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं लांबूचा दबका आवाज आला,

"खुर्चीत एकदा गेंडा बसला,
खुर्ची म्हणाली, जन्म फसला.
ऊठ म्हणावं तर लाज वाटते,
बसू द्यावं तर पाठ फाटते!"

अख्ख्या विभागात खसखस पिकली. साहेबांचा पेला ओठाशीच थांबला. मागच्याच आठवड्यात त्यांच्या खुर्चीचा पाय मोडला होता.

"लांबू, आत या. ते खणातलंही घेऊन या."

लांबू पुस्तक घेऊन आत आला.

"हा गेंडा कोण?"

"गेंडा... गेंडाच आहे, साहेब. अमेरिकेतल्या एका जुन्या विनोदी कवीच्या कविता आहेत या. कोणीतरी मराठीत केल्यात."

"पत्ता काय त्याचा?"

"तो वारला, साहेब. पुष्कळ वर्षं झाली."

"बरा वारला! आणि माझी खुर्ची मोडल्याचं अमेरिकेत कसं कळलं?"

"पण साहेब, तुमची खुर्ची तर आत्ता मोडली. कविता जुनी आहे."

"म्हणजे गेंडा मीच, हे तुम्हाला कबूल आहे!"

साहेबांनी बाईंना आत बोलावलं.

"तुम्ही का हसलात?"

"मी कुठे हसले? मला ठसका लागला होता."

"सगळ्या विभागाला एकदम?"

"साथ आहे, साहेब."

झालं! उद्यापर्यंत लेखी खुलासा आला नाही, तर लांबूची बदली तळघरातल्या गोदामात. त्या गोदामाचं छत लांबूच्या कपाळाला लागे, त्यामुळे त्याचा चेहराच उतरला. पुस्तक साहेबांनी पुरावा म्हणून ताब्यात घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी ते बायकोपुढे आपटलं. "वाच. आणखी कुठे कुठे माझ्यावर लिहिलंय, ते शोधून काढ."

बायको डोळे पुसत वाचत सुटली. मग म्हणाली, "हे बघा, सापडलं. 'संशयी माणूस कधीच एकटा नसतो. कोणीतरी आपल्या मागावर आहे, याची त्याला पक्की खात्री असते.'"

"बघ! मी सांगत नव्हतो?"

"अहो, थांबा, पुढे ऐका.

कासवाच्या घराला दारच नाही,
पाहुण्यांचा त्याला भारच नाही.
कोणी आलंच तर डोकं आत घेतं,
'मालक बाहेर गेलेत' असं सांगतं!"

साहेबांनी मान पुढे काढून पुस्तकात डोकावून पाहिलं.

"माझा भाऊ आला की तुम्ही बाथरूममधून अस्संच ओरडता," बायको म्हणाली. "तो बिचारा 'बरं' म्हणून निघूनही जातो. आवाज कोणाचा, हे त्याला अजून कळलेलं नाही."

साहेबांनी ओठ घट्ट आवळले. आधी पोट हललं, मग खांदे हलले, आणि शेवटी असा काही गडगडाट झाला की बायको घाबरून पाणी आणायला धावली. पाणी पिता पिता त्यांना कासव पुन्हा आठवलं आणि ते पाणी नाकातून बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी लांबू चार पानी खुलासा घेऊन केबिनमध्ये उभा राहिला. रात्रभर जागून डोळे लाल झाले होते. साहेबांनी कागद न वाचताच परत दिले.

"बदली रद्द. जा, कामाला लागा."

लांबूला आपल्या कानांवर विश्वास बसेना. दारापर्यंत गेल्यावर तो घुटमळला. "साहेब, पुस्तक?"

"ते मिळायचं नाही." साहेबांनी चेहरा शक्य तितका कडक केला. "चौकशी चालू आहे. अजून निम्मं बाकी आहे."