रेडिओकाकांनी लॅपटॉपला कान लावला!

"यंत्र म्हणजे शेवटी यंत्रच गं! त्याला प्रेमानं कान लावला, की ते आपणहून सांगतं कुठं दुखतंय ते!" रेडिओकाकांनी बाह्या सरसावल्या आणि त्यांच्या लेकीनं घड्याळाकडे पाहिलं.

पाहणारच! आज चार वाजता तिची मुलाखत होती आणि तीही लॅपटॉपवर. भाषांतराची सुटी सुटी कामं ती सात वर्षं करत होती. आता पहिल्यांदाच कायमची नोकरी मिळायची चिन्हं दिसत होती. आणि लॅपटॉपनं नेमके नखरे मांडले होते. मनात आलं तर चालू व्हायचा, नाहीतर स्क्रीन काळी करून ढिम्म! रविवारी रेडिओकाका आठ दिवसांसाठी लेकीकडे राहायला आले आणि सोमवारी लॅपटॉप रुसला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं दोघांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

काकांचा रुबाब काही उगाच नव्हता. चाळीस वर्षं त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. लाकडी पेटीचे ते जुने रेडिओ! तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरकडे न्यावं, तसे लोक ते चादरीत गुंडाळून आणायचे. काका स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी रेडिओला कान लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. सगळं दुकान श्वास रोखून उभं! शेजारी काकू वही उघडून बसलेल्या. वहीत तीन रकाने : तक्रार, बिघडलेला भाग आणि 'जुना भाग परत दिला?' बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत ठेवायचाच, असा काकूंचा दंडक होता.

आणि काकांच्या हातून रोज स्क्रू पडायचे! मग काकू फुटक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक दोरीला बांधून फरशीवर फिरवायच्या. "सापडला हो तुमचा हरवलेला!" अशी हाक आली, की काका खोटं खोटं रागवायचे. काय दिवस होते ते! पुढे दुकान मिटलं. काकू जाऊनही अकरा वर्षं झाली. ती वही मात्र अजून काकांच्या पिशवीत असायची.

आज त्यांनी तीच वही काढली. काकूंच्या वळणदार अक्षराखाली आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं : 'तक्रार : चालू होतो, होत नाही.' मग ते टेबलावर ओणवे झाले आणि त्यांनी कीबोर्डला कान लावला.

स्क्रीन काळी!

"बाबा! आत्ता तर चालू होता!"

"मग बरोबर! डॉक्टर आला की पेशंट घाबरतोच."

लेक लॅपटॉप उचलून तरातरा स्वयंपाकघरात गेली. तिथं तो एका झटक्यात चालू झाला. काकांना स्वयंपाकघरात मज्जाव होता, कारण मंगळवारी त्यांनी मिक्सर 'दुरुस्त' केला होता आणि टोमॅटो छतावरून काढावे लागले होते. ते उंबऱ्यातूनच ओरडले, "सापडलं! हॉलमधली वीज खराब आहे!"

"बाबा, तो बॅटरीवर चाललाय."

"तेच म्हणतोय मी! बॅटरीला हॉलची हवा मानवत नाही!" असं म्हणत काका मज्जाव विसरून आत शिरले, खात्री करायला वाकले आणि लॅपटॉपनं पुन्हा मान टाकली.

मग काय वरात निघाली म्हणता! लॅपटॉप वॉशिंग मशीनवर, लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर, लॅपटॉप जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर! पुढे लॅपटॉप, मागे लेक, तिच्या मागे वही घेऊन काका. लेक एकटी असली की चालू, काकांनी कान लावला की बंद. अडीच वाजले. लेकीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"बाबा, राहू द्या आता. मी दुरुस्तीच्या दुकानात नेते."

काकांनी वही मिटली. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा पेशंट कुणी दुसरीकडे हलवला नव्हता. फार लागलं त्यांना. "चल, मीही येतो," ते हळूच म्हणाले.

पण दुकानात पाऊल टाकायला ते तयार होईनात. "दुसऱ्या मेकॅनिकच्या दुकानात मी शिरत नाही. तत्त्व आहे माझं!" ते बाहेर पायरीवर उभे राहिले आणि काचेला नाक लावून आत पाहू लागले. लॅपटॉपवाल्या बाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि बटण दाबलं. चालू! बंद करून पुन्हा दाबलं. चालू! एकदा नाही, सात वेळा!

"काही झालेलं नाही याला. ठणठणीत आहे!" बाई म्हणाल्या.

"अहो, पण घरी..." लेक रडकुंडीला आली.

आता मात्र काकांना राहवेना. तत्त्व पायरीवर ठेवून ते आत घुसले. "बाई, तुम्ही कान लावलात का? कान लावल्याशिवाय काय कळणार?" आणि ते काउंटरवर वाकले.

स्क्रीन काळी! इतकंच नाही. शेजारच्या ताटलीतले बारीक स्क्रू टुणटुण उड्या मारत काकांच्या खिशाला चिकटले. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे!

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, खिशात काय आहे?"

चोरी पकडली जावी तसा काकांनी खिशावर हात ठेवला. मग हळूच बाहेर काढलं ते काकूंचं लोहचुंबक. दोरीचा तुकडा अजून तसाच होता.

"लॅपटॉपच्या झाकणात छोटंसं चुंबक असतं," बाई हसू दाबत म्हणाल्या. "झाकण मिटलं की ते खाली येतं आणि लॅपटॉपला कळतं, आता झोपायचं. तुम्ही वाकलात की त्याला वाटतं, झाकणच मिटलं! बिचारा गुणी बाळासारखा झोपी जातो."

लेक आता बरसणार म्हणून काकांनी मान खाली घातली. पण ती त्या दोरीकडे बघत होती. "बाबा, हे आईचं?"

"सकाळी शर्ट घातला की आधी हे खिशात जातं," काका पुटपुटले. "तिचं काहीतरी जवळ असलं की बरं वाटतं गं."

लेकीला हुंदका आला आणि हसूही आलं. पण घड्याळात पावणेचार झाले होते! घरी पोचायला वेळ कुठला? बाईंनी काउंटरचा कोपरा रिकामा करून दिला, एक-एक करून स्क्रू खिशावरून वेचले आणि फर्मान सोडलं, "आजोबा, तुम्ही रस्त्याच्या पलीकडे!"

काका पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. चुंबकाभोवती पाऊणशे वेळा तरी त्यांनी मूठ आवळली असेल. नाकाला खाज सुटली तरी ते हलले नाहीत. न जाणो, चुंबकाचा जोर रस्ता ओलांडून गेला तर! एका वाटसरूनं विचारलंच, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"गप्प बसा हो! पलीकडे मुलाखत चाललीय!"

पाऊण तासानं लेक बाहेर आली ती हसतच. आणि संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचा निरोपही आला. तो तिनं हॉलच्या या टोकाकडून मोठ्यानं वाचून दाखवला, कारण काका त्या टोकाला खुर्चीत बसले होते. त्यांनी डोळे पुसले, खिसा चाचपला आणि वही उघडली. 'बिघडलेला भाग' या रकान्यात बराच विचार करून त्यांनी लिहिलं : 'मेकॅनिक.'

मग तिसऱ्या रकान्याशी येऊन अडले. "काय गं," त्यांनी तिथूनच विचारलं, "जुना भाग परत पाठवायचा ना? रविवारी आठ दिवस पुरे होतात."

"मुळीच नाही! लिहा, भाग इथंच ठेवून घेतला!"

काका गहिवरून उठले आणि वही दाखवायला लगबगीनं तिच्याकडे निघाले.

"बाबा! तिथूनच! तिथूनच दाखवा!"