फोनवर आरवलेली कोंबडी

परसातली कोंबडी आरवायला लागली, एवढं फोनवर सांगितलं तिथवर ठीक होतं. पण जावई "आवाज ऐकवा" म्हणाले, तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच आरवायला नको होतं.

त्यांचाही नाइलाज होता. लेक माहेरी येऊन गेल्याला वर्ष होत आलं होतं. कधीही विचारा, "ह्यांना रजा नाही हो, बाबा," हे उत्तर ठरलेलं. जावई जनावरांचे डॉक्टर, त्यातही संशोधनवाले. जन्मजात दोष आणि बिघडलेली संप्रेरकं हा त्यांचा विषय. मागे एकदा जेवताना त्यांनी सांगितलं होतं, की कोंबडीचा एकच बीजांडकोश काम करतो. तोही निकामी झाला, तर क्वचित एखादीचा तुरा वाढतो आणि ती चक्क कोंबड्यासारखी आरवू लागते. अशी केस मिळाली तर असेन तिथून धावत येईन, असंही ते म्हणाले होते. सासऱ्यांनी ते वाक्य मनात जपून ठेवलं. म्हातारी कोंबडी अंडी देत नव्हतीच. उरलेलं काम त्यांनी आपल्या गळ्यावर घेतलं.

जावई दुसऱ्याच दिवशी हजर. एकटेच.

"लेक कुठाय माझी?"

"ती कशाला येईल? केस माझी आहे," असं म्हणत त्यांनी बॅगेतून सुया, काचेच्या नळ्या आणि रबरी हातमोजे काढून ओट्यावर मांडले.

"मी दिवसभर परसात असते," सासूबाई म्हणाल्या. "मला कशी नाही ऐकू आली आरवताना?"

"तू आंघोळीला गेली होतीस," सासरे घाईघाईने म्हणाले.

जावई खुराड्यापाशी स्टूल टाकून बसले. कोंबडी दाणे टिपत राहिली. शेवटी त्यांनी हातमोजे चढवले.

"फोनवर एवढी खणखणीत आणि आता चिडीचूप. रोग पुढे गेलेला दिसतोय. उघडून बघावं लागेल."

"काय उघडून?"

"पोट."

"आधी माझं उघडा," म्हणत सासूबाईंनी कोंबडी काखेत मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन कडी लावून घेतली.

सासऱ्यांची पाचावर धारण बसली. ते जावयाला खुराड्यामागे घेऊन गेले. "डॉक्टर, एक सांगायचं होतं," एवढं म्हणाले आणि पुढचे शब्द काही फुटेनात. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ आरवून दाखवलं. पलीकडच्या घरातल्या खऱ्या कोंबड्याने लगेच ओ दिली.

जावई शांतपणे हातमोजे काढू लागले. "फोनवर याहून बरं जमलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला कुठलं कळतंय. मी आवाज रेकॉर्ड केला आणि साहेबांना ऐकवून रजा घेऊन मोकळा झालो. घरी येऊन तुमच्या लेकीला ऐकवला, तर ती पोट धरधरून हसली. मग रडायलाच लागली. म्हणाली, बाबांवर आरवायची वेळ आणली मी. उद्या येतेय, चांगली आठवडाभर राहायला. मला मात्र बजावलंय, आधी बाबांना जरा घाम फोडा."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. घाम तर केव्हाच फुटला होता.

"फक्त एक भानगड झालीय," जावई हळूच म्हणाले. "साहेबांना अजून ती कोंबडीच वाटतेय. शनिवारी स्वतः ऐकायला येतायत. नाही आरवली, तर रजा रद्द. मग मला निघावं लागेल आणि माझ्याबरोबर तीही निघेल."

स्वयंपाकघराची कडी वाजली. सासूबाईंनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कोंबडी काखेत तशीच ठेवून एका हाताने गॅसवर पाणी चढवलं आणि त्यात चमचाभर मीठ टाकलं.

"गुळण्या करा," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."