कवायतीच्या बाईंची पाठ

कवायतीच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच त्यांच्या कंबरदुखीने डोके वर काढले. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. हाडांत काही सापडेना. दोन वर्षे अशीच गेल्यावर डॉक्टरबाईंनी त्यांना स्नायूंच्या तपासणीला बोलावले.

तिथला तंत्रज्ञ चाळिशीचा, पोक काढून चालणारा. त्याने बाईंच्या कमरेवर आठ चिकट चकत्या लावल्या, वायरी यंत्राला जोडल्या आणि सैल उभे राहायला सांगितले. पडद्यावर आठही रेघा थयथयाट करू लागल्या. त्याने पुन्हा सांगितले. आपण सैलच उभ्या आहोत, असे बाईंचे म्हणणे पडले. वायरी बदलल्या, यंत्र बंद करून चालू केले, तरी रेघा खाली येईनात.

तो वाकून पडद्यात डोके घालून बसला. त्या पोकाकडे बघता बघता बाईंना शाळेचे मैदान आठवले. कोवळे ऊन, फक्कीने आखलेल्या रांगा, आणि ज्याला 'पाठ सरळ' सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा, तो शेवटचा पोरगा.

"अरे, प्रश्नचिन्ह ना तू?"

तंत्रज्ञ ताडकन सरळ झाला. हातातल्या वायरींना हिसका बसला, पाच चकत्या सुटल्या आणि यंत्र केकाटू लागले. डॉक्टरबाई शेजारच्या खोलीतून धावत आल्या, तर पेशंट आणि तंत्रज्ञ दोघेही सावधानमध्ये उभे. काय झाले, असे त्यांनी विचारले.

"काही नाही, बाई," तो समोर बघत म्हणाला. हे नेमके कोणत्या बाईंना, ते कळायला मार्ग नव्हता.

चकत्या पुन्हा लावता लावता जुन्या गोष्टी निघाल्या. पाठ आधीच वाकलेली म्हणून बाईंनी त्याला एकदा मनोऱ्याच्या तळाला बसवले होते, आणि पाहुण्यांसमोर ऐन वेळी त्याला शिंक आली होती. वरून मुले कशी टपाटपा पडली ते सांगताना बाई हसत हसत पुढे झुकल्या, आणि पडद्यावरच्या रेघा एकदम आडव्या झाल्या.

डॉक्टरबाईंनी त्या पाहिल्या. "हाडं ठणठणीत आहेत तुमची. पण पस्तीस वर्षं स्नायूंना सुट्टीच दिली नाहीत तुम्ही. दुखतंय ते त्यामुळे."

उपाय ठरला. दर सोमवारी अर्धा तास यंत्रासमोर सैल बसायला शिकायचे. शिकवणार तंत्रज्ञ.

पहिल्या सोमवारी बाई खुर्चीत बसल्या त्या ताठच. तो जरा घाबरतच म्हणाला, "खांदे सोडा, बाई. अजून थोडे."

बाईंनी प्रयत्न केला. मग बराच वेळ त्याच्या पोकाकडे बघून विचारले, "तुझी दुखते का रे कधी पाठ?"

तो वायरी गुंडाळत राहिला. बाईंशी खोटे बोलायची त्याला सवय नव्हती.

"नाही, बाई," तो खाली बघत म्हणाला. "आजवर कधीच नाही."