मान्यताप्राप्त मिठी

ज्या बालपणाचा पुरावा नाही, ते बालपण झालं असं मानायला कुठलाही आधार नाही. आमच्या पिढीचं बालपण या कारणाने संशयास्पद ठरतं. माझे लहानपणीचे एकूण तीन फोटो उपलब्ध आहेत. त्यातल्या दोनांत माझे डोळे मिटलेले आहेत आणि तिसऱ्यात मी नसून चुलतभाऊ आहे, असं आई अखेरपर्यंत म्हणत होती. तेव्हा मी खेळलो, पडलो, झाडावर चढलो, हे सगळं आज निव्वळ माझ्या तोंडी जबाबावर उभं आहे. (मी पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागाचा उपअधीक्षक आहे. तोंडी जबाबावर आम्ही कोणाचंही बिल कमी करत नाही.)

म्हणून माझ्या दोन मुलींच्या शाळेने यंदाची हिवाळी सुट्टी 'स्क्रीनमुक्त' जाहीर केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी योजना फार सुटसुटीत करून सांगितली. मुलांना तंत्रज्ञान विचारपूर्वक वापरायला शिकवायचं, तर सुट्टीभर त्यांना स्क्रीन दाखवायचाच नाही. त्याऐवजी घरच्यांनी मिळून रोज एक उपक्रम करायचा. आणि मुलांनी स्क्रीन पाहिला नाही, याचा व्हिडिओ पालकांनी रोज शाळेच्या ॲपवर टाकायचा.

"व्हिडिओ आडवा हवा," बाई म्हणाल्या, "आणि चेहऱ्यावर आनंद हवा. आनंद अस्पष्ट असेल तर उपक्रम धरला जाणार नाही."

मूल खेळात रमलं आणि त्याने कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही तर काय, असं मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं. असे प्रकार होतात खरे, पण पालकांनी लक्ष घातलं तर टाळता येतात, असं बाईंनी सांगितलं. निघताना प्रत्येक मुलाला शाळेचं चिन्ह विणलेली हिरवी लोकरीची टोपी मिळाली. व्हिडिओत ती डोक्यावर असणं सक्तीचं होतं.

घरी आल्याआल्या मी सर्व यंत्रं जमा करायचा आदेश काढला. कुलपाची पेटी आमच्याकडे नव्हती. घरात सगळ्यात घट्ट झाकण मोठ्या कुकरचं, तेव्हा यंत्रं सुट्टीभर कुकरात राहतील असं ठरलं. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, मुलींची आत्या, बँकेच्या काउंटरवरून निवृत्त होऊन आमच्याकडेच असते. ती म्हणाली, "माझा फोन राहू दे बाहेर. त्यात गोळ्यांची आठवण लावलीय." शिवाय फोनचे मुलांवर होणारे दुष्परिणाम या विषयावरचे व्हिडिओ तिला फोनवरच येत आणि ती ते मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकवी. ही माहिती तोडून चालणार नव्हतं. बायको दवाखान्यात एक्स-रे काढते. तिला कधीही बोलावणं येतं, सबब तिचा फोन वगळला. माझ्या फोनवर तर सगळा पुरावाच गोळा व्हायचा होता. अशा रीतीने सर्व यंत्रं, म्हणजे मुलींचा दोघींत मिळून असलेला एक टॅबलेट, कुकरात गेली. झाकण थोरलीने लावलं. ती तेरा वर्षांची आहे आणि तिला जे बोलायचं असतं ते ती बहुतेक वेळा नुसती बघते.

"बाबा, शिट्ट्या किती करायच्या?" त्या दिवशी मात्र तिने विचारलं.

पहिला उपक्रम होता 'घरातल्या घरात तंबू'. दुर्दैवाने मुलींनी तो मी आंघोळीला गेलेला असतानाच करून टाकला. चार खुर्च्या, दोन रजया, कपड्यांचे चिमटे. धाकटी सात वर्षांची आहे. ती आत टॉर्च घेऊन बसली होती आणि थोरली बाहेरून कसले कसले आवाज काढत होती. धाकटीचं हसणं मला शॉवरखालीसुद्धा ऐकू आलं. इतकी खळखळून हसताना मी तिला त्या अख्ख्या वर्षात ऐकलं नव्हतं. पण ध्वनिमुद्रण नसल्यामुळे ते हसणं हिशेबात धरता आलं नाही.

मी अंग पुसून आलो आणि तंबू सोडवून खिडकीकडे तोंड करून पुन्हा बांधला. चित्रीकरणाची सूत्रं बायकोने घेतली. रोज माणसांना सरळ उभं करण्याचा तिला सराव आहे.

"हनुवटी वर. खांदे सैल. श्वास रोखा... हलू नका... झालं, घ्या श्वास."

चौथ्या वेळी सर्वांच्या चेहऱ्यावरचा आनंद नियमात बसला. ॲपवर बत्तीस पालकांनी अंगठे दिले. "आता खेळू का?" धाकटीने विचारलं, पण तोपर्यंत ताईला पाय पसरायला खुर्ची लागणार होती.

पुढचेही उपक्रम याच धर्तीवर पार पडले. सापशिडीच्या डावात थोरली सारखी हरत होती आणि हरताना आनंदी दिसत नव्हती, म्हणून फासे बाजूला ठेवून तिची सोंगटी थेट वरच्या घरात नेली. 'ज्येष्ठांकडून गोष्ट' या उपक्रमात ताईला गोष्ट आठवेना. ती तिने फोनवर शोधली आणि फोन पदराआड धरून वाचली. पदर हलला तेवढा भाग मी कापला.

रविवारचा उपक्रम होता 'निसर्गाशी नातं'. याची व्याख्या ॲपमध्ये 'किमान एका झाडाला सहकुटुंब मिठी' अशी दिली होती. आम्ही पाचही जण सकाळी मोठ्या बागेत गेलो. थंडी चांगलीच होती, धुकं नुकतं निवळत होतं. बागेत झाडं पुष्कळ आहेत, पण मिठीत मावेल अशा बुंध्याचं आणि समोरून ऊन येणारं झाड एकच. त्याच्यापुढे रांग लागली होती. रांग शिस्तीची होती, हे नमूद करायला मला आनंद वाटतो. हिरव्या टोप्यांतली मुलं पुढे, आणि मागे पालक, माना खाली घालून, कालच्या उपक्रमाला कोणाला किती अंगठे पडले ते बघत. बागेच्या माळ्याने आपणहून व्यवस्था हाती घेतली होती.

"एका घराला दोन मिठ्या!" तो ओरडत होता. "साल सोलू नका. झालं की पलीकडून बाहेर. चला, पुढचे!"

'पुढचे' हा शब्द ऐकून ताईचे डोळे पाणावले. बँक सुटल्यापासून असं कोणी म्हटलंच नव्हतं.

रांगेत उभं असताना धाकटीला जमिनीवर एक पान सापडलं. पानाला करड्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा कोष चिकटलेला होता.

"बाबा, ह्यात कोण आहे?"

"असेल कोणीतरी."

"हललं! बघ ना. बाबा, तुझ्या फोनने ह्याचा फोटो काढ ना. मग फोन नाव सांगतो. आमच्या बाईंनी दाखवलं होतं एकदा."

अशा वेळी पालकांनी चिडू नये, प्रेमाने समजवावं, असं ताईच्या एका व्हिडिओत होतं. मी प्रेमाने समजावलं, "बाळा, सुट्टी स्क्रीनमुक्त आहे ना? नावं शोधायला फोन नसतो. तू आपली निसर्गाकडे बघ. नाही, निसर्गाकडे नको, इकडे बघ. आणि टोपी नीट कर."

दुसरी मिठी छान आली. मी बाकावर बसून तिला बासरीचं संगीत लावत होतो. बायको दवाखान्याशी बोलत होती. ताई 'मुलांशी संवाद कसा वाढवावा' ऐकत होती. थोरली खिशात हात घालून रांगेकडे बघत उभी होती. बायकोने फोन ठेवला आणि विचारलं, "धाकटी कुठंय?"

"ही काय," मी म्हणालो आणि माझा फोन तिच्यापुढे धरला. धाकटी त्यात होतीच. झाडाला गाल लावून हसत होती.

"अरे, ही नाही. खरी."

मी मान वर केली. झाड होतं, रांग होती, माळी होता. हिरव्या टोप्या तर जिकडेतिकडे होत्या. मी जवळच्या टोपीला खांद्याला धरून वळवलं, तर आत तोंड दुसऱ्याच मुलीचं. पुढची वळवली, तो मुलगा निघाला. मी हाका मारू लागलो तेव्हा रांगेतल्या काहींनी हरवण्याचाही उपक्रम आहे की काय, म्हणून ॲप उघडून पाहिलं. माळ्याला मी व्हिडिओ दाखवला.

"ही होय," तो म्हणाला. "गेली ना मघाशी मिठी मारून. सगळ्याच गेल्या. अंगावर काय आहे?"

"हिरवी टोपी," मी म्हणालो.

माळ्याने एकदा बागेवरून नजर फिरवली.

बागेत एक तळं आहे. त्याला कठडा नाही, हे त्या सकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी काठाने पळत गेलो. पाण्यात कडेला हिरवं काहीतरी तरंगत होतं. शेवाळ होतं. मी गुडघाभर पाण्यात उतरून ते हाताने उचलून पाहिलं आणि शेवाळच आहे ना म्हणून पुन्हा पाहिलं. त्या वेळी मला काय वाटलं त्यासाठी खात्यात शब्द नाही. घरातही नाही. बायको पलीकडच्या काठावरून हाका मारत होती आणि तिचा आवाज मला ओळखू येईना.

थोरली धावत आली आणि तिने माझी बाही धरली. "बाबा, ऐक. फोटो वाईट येईल अशी जागा कुठे आहे इथे?"

"काय?"

"जिथे उजेड नाही. मागे भिंतबिंत घाण आहे. ती तिथे असेल. मी तिथेच गेले असते."

रोपवाटिकेच्या पत्र्याच्या शेडमागे पालापाचोळा टाकायचा खड्डा आहे. तिथे ऊन येत नाही आणि कुजका वास येतो. तिथे सात मुलं उकिडवी बसली होती, डोकी एकमेकांना टेकवून. टोप्या काढून त्यांनी त्यांची गादी केली होती आणि गादीवर पान ठेवलं होतं, कोषाला थंडी वाजत असणार म्हणून. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्यातली एक धाकटी होती. उरलेल्या सहांना अजून कोणी शोधत नव्हतं.

मी चिखलात गुडघ्यांवर बसलो आणि तिला ओढून घेतलं. तिचं नाक गार होतं, केसांत पाला होता. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसताच आवाज आला. मागून बायको आली आणि आम्हा दोघांवरच कोसळली. ताई पत्र्याला धरून उभी राहून रडू लागली. फोन तिच्या हातातून कधी पडला ते तिला कळलं नाही.

"हळू ना, बाबा," धाकटी माझ्या कानात म्हणाली, "तो झोपलाय."

तेवढ्यात वर्गाच्या पालक-प्रतिनिधी बाई आल्या. गलका ऐकून त्या आमच्या मागोमाग आल्या होत्या आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"किती सुंदर हो!" त्या म्हणाल्या. "मी घेतलं सगळं, पण नुसतं काळं आलंय. इथे उजेडच नाही. दोन मिनिटं उन्हात येऊन परत कराल?"

या ठिकाणी मी संतापून नकार दिला असेल, असं काही वाचकांना वाटेल. त्यांना शाळेच्या ॲपचा अनुभव नसावा. त्या दिवशीची आमची झाडाची मिठी अजून टाकायची राहिली होती, आणि ही तिच्यापेक्षा सरस होती, हे मला पालक म्हणून दिसत होतं.

आम्ही उन्हात आलो. बायकोने डोळे पुसले, धाकटीची टोपी कोषाखालून काढून झटकली आणि तिच्या डोक्यावर घातली.

"मी परत हरवू का?" धाकटीने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "एकदम सापडल्यापासून घेऊ."

बायकोचा आवाज अजून कापत होता, पण सवय ती सवय. "हनुवटी वर. श्वास रोखा... हलू नका..."

थोरली आली नाही. ती शेडमागेच पानाजवळ बसून राहिली. व्हिडिओत चारच जण दिसतात ते त्यामुळे.

सुट्टीच्या शेवटी निकाल लागला. 'उत्स्फूर्त कौटुंबिक क्षण' या गटात आमचा पहिला क्रमांक आला. परीक्षकांनी विशेषतः प्रकाशयोजनेचं कौतुक केलं आहे. पत्र्यामागच्या पहिल्या मिठीची कुठेही नोंद नाही. कोषातून पुढे काय निघालं तेही कळलं नाही. तसा उपक्रम नव्हता.

प्रशस्तिपत्र आलं त्या संध्याकाळी मी धाकटीला मांडीवर घेऊन तो व्हिडिओ दाखवला. सुट्टी संपलेली असल्याने आता स्क्रीन बघायला हरकत नव्हती. तिने तो शेवटपर्यंत पाहिला.

"बाबा, तुला खरं रडू कधी आलं होतं? पहिल्या वेळी की ह्या वेळी?"

"ह्या वेळी जास्त स्पष्ट दिसतंय," मी म्हणालो.

ती मांडीवरून उतरली आणि ताईच्या खुर्चीवरची रजई ओढत आतल्या खोलीत गेली. थोरलीने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. मी फोन घेऊन दारापर्यंत गेलो, पण कडी आतून होती.

असो. हे वाचताना आपल्याला एखाद्या मेहुण्याची किंवा शेजारच्या घराची सारखी आठवण झाली असेल. स्वतःची होत नाही, हा अशा लिखाणाचा मोठाच गुण. त्यांना जरूर पाठवा. फक्त त्याआधी एक किरकोळ चौकशी. मघाशी हे वाचत असताना कोणीतरी तुमच्याजवळ येऊन काहीतरी विचारलं. तुम्ही मान वर न करता "हो" म्हणालात आणि ते निघून गेलं.

कशाला "हो" म्हणालात?