किरणांचा कांदा आणि गुरप्पा अण्णा

आमच्या शेजारचे गुरप्पा अण्णा बाजारातून पाच किलो कांदे आणत आणि त्यातला एक वाटीत पाणी घालून खिडकीत ठेवत. त्याला कोंब फुटेपर्यंत बाकीच्या कांद्यांना स्वयंपाकघरात प्रवेश नाही. तोवर निम्मे कांदे सडून जात, ते वेगळंच. बरं, वर्ष कुठलं? लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. उदगिरात आम्ही घागरी घेऊन टँकरमागे धावत होतो, आणि हे गृहस्थ कांद्याला पाणी पाजत होते!

याला कारण लातूरचं शेतकी प्रदर्शन. तिथे एका टेबलावर एक्स-रेसारखे किरण मारलेले कांदे मांडले होते. महिनोन्महिने यांना कोंब येत नाही, असं तिथला साहेब सांगत होता. मोंढ्यात धान्याची अडत करण्यात जन्म गेलेले अण्णा गप्प बसतात काय!

"कोंब येत न्हाई म्हणजे मेला की हो साहेब!"

"मेला नाही, फक्त उगवत नाही."

"मग मेलेलं आनिक कसं असतंय?"

त्या दिवसापासून जो भेटेल त्याला धरून एकच. "बगा, जे कोंब मारतंय ते माणसाला सोडतंय व्हय?" मी पडलो शाळेत विज्ञान शिकवणारा, त्यात वाद घालायची खोड. मी म्हणे, "अण्णा, किरण आरपार निघून जातात, कांद्यात काही उरत नाही. आणि असला कांदा आपल्या बाजारात आलेलाच नाही."

"मग लातुरात कशाला दाखवले?"

झालं! विद्वानांतसुद्धा यावर वाद चालू आहेत, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. आयतं कोलीत कोण देणार हातात? अण्णा कधी हरत नसत. उत्तर सुचलं नाही की लिंगायतांचा रामराम, "शरणार्थ", म्हणून उठत आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन हजर. आतून त्यांच्या मंडळी, महानंदाकाकू, हसत.

एके दुपारी अण्णा आले ते दारातच उभे राहिले. काकूंच्या गळ्याला गाठ आली होती. मोठ्या गावच्या डॉक्टरांनी ती कॅन्सरची ठरवली होती आणि शेक घ्यायला लवकर या म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे शेक म्हणतात तो किरणांचाच उपचार.

"येत न्हाई म्हणून बसलीय," अण्णा म्हणाले. "म्हणते, कांद्याचा कोंब मारतंय ते मला काय ठेवतंय. माझंच बोलणं हो सर. वर्षभर माझंच ऐकलंय तिनं. तुम्ही चला. तिच्यासमोर मला खोटं पाडा."

मी गेलो. इतके दिवस जिंकायला टपलेला मी, पण त्या दिवशी हळूच बोललो. जमेल तसं सांगितलं. डॉक्टर किरण मोजून देतात, गाठीपुरतेच देतात, त्रास होतो, पण गाठ वितळू शकते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि अण्णांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "सर म्हणतेत ते बरोबर हाय. माझं चुकलं."

काकूंचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षांत हे कुणापुढं हरले न्हाईत, सर. आज हरले. म्हणजे माझं दुखणं लई वाढलंय, व्हय ना?"

अण्णाच गडबडीने म्हणाले, "हरलो कुठं? थोडं पटलं, इतकंच!" आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले.

काकू उठून त्यांच्याजवळ बसल्या. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "उगी. जाऊ की शेकाला. पण तिथं डॉक्टरशी भांडायचं हां तुम्ही. तुम्ही गप बसलात की मला भ्या वाटतंय."