सासूबाईंसाठी चार शब्द

सासूबाईंच्या शोकसभेत चार शब्द बोलायचेच, असं बायकोनं बजावलं होतं. "आई हयात असताना तुमच्या तोंडून तिच्याबद्दल एक चांगला शब्द निघाला नाही. निदान आता तरी काढा," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

ते खरंच होतं. तो वर्तमानपत्रात उपसंपादक. कचेरीत त्याला सगळे 'कात्री' म्हणत. दुसऱ्यांच्या बातम्यांतले फालतू शब्द उडवता उडवता त्याच्या स्वतःच्या तोंडातलेही बरेच उडाले होते. पण सासूबाईंवर त्याचा मनापासून जीव होता. त्यानं बसून पानभर लिहिलं आणि लिहिताना दोनदा चष्मा पुसला.

सभेत त्याचा नंबर शेवटचा लागला. आधी शेजारीण उठली. "मावशी म्हणजे मायेचा सागर होत्या," ती म्हणाली. कात्रीच्या कागदावर 'मायाळू' होतं. एकच गोष्ट दोनदा छापून जाऊ द्यायची नाही, हा त्याचा जन्माचा नियम. सवयीनं खिशातलं लाल पेन निघालं आणि 'मायाळू' गेलं. मग डॉक्टर त्यांच्या सोशिकपणावर बोलले. तो परिच्छेद गेला. बायकोच्या भाचीनं त्यांच्या हातच्या चवीचं सांगितलं, तोही गेला. आता एकच वाक्य उरलं होतं आणि ते सगळ्यांत खरं होतं.

तेवढ्यात मेहुणा माईकसमोर हुंदका आवरत म्हणाला, "आईनं भावोजींना जावई नाही, मुलगा मानलं."

तेही गेलं.

कात्री उभा राहिला. कागदाकडे पाहिलं, सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि खाली बसला. सगळीकडे मुसमुस सुरू झाली. "दुःख असं असतं," डॉक्टर पुटपुटले. बायकोनं कित्येक दिवसांनी त्याचा हात हातात घेतला. निभावलं, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर तिनं त्याच्या खिशातून तो कागद काढला. जपून ठेवायचा होता तिला. मायाळू, लाल रेघ. सोशिक, लाल रेघ. सुगरण, मोठी फुली. मुलगा मानलं, त्यावर तर दोन रेघा.

"एवढंसुद्धा पटलं नाही तुम्हाला?" तिनं हळूच विचारलं.

कात्रीच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, तसं नाही, ऐक तरी. आधी ती शेजारीण उठली ना, मग डॉक्टर, मग तुझी भाची..."

"थोडक्यात सांगा," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.