आबांपुढे कुजबुजू नये

आमच्या आबांशी कोणी ओरडून बोललं, तर त्यांना काही कळत नाही. कुजबुजलं की मात्र शब्द न् शब्द कळतो. त्यामुळे बुऱ्हाणपुरातले आमचे तमाम नातेवाईक त्यांना पक्के ढोंगी समजतात.

आबा म्हणजे माझे आजोबा. चाळीस वर्षं पॉवरलूमवर काढली. त्या खडखडाटात कान गेले, पण तिथले कामगार एकमेकांचे ओठ बघूनच गप्पा मारायचे. तीच सवय आबांनी घरी आणली. ओरडणाऱ्याचं तोंड वेडंवाकडं होतं, म्हणून त्याचं कळत नाही, एवढी साधी गोष्ट. मलाही ती दहावीत घसा बसून आवाज पार गेला तेव्हा कळली. आठवडाभर मी सगळ्यांशी वहीत लिहून बोलत होते आणि आबांशी सरळ तोंडाने.

"कोणाले सांगू नको," आबा म्हणाले. "मजा जाईल."

मजा होतीच. आई दारात आत्याच्या कानाशी लागायची, "मावा जिलबी वर ठेवा, त्यांना शुगर आहे." तोवर आबा डब्यापाशी हजर. बोलता बोलता कोणी पाठ फिरवली की ओरडायचे, "धागा तुटला!" सगळ्यांना वाटायचं, म्हातारा अजून लूमवरच आहे.

यंदा माझा इंदूरला नर्सिंगसाठी नंबर लागला. ॲडमिशनला दोनच दिवस उरलेले. पप्पा आबांच्या पुढ्यातच आईला हळूच म्हणाले, "मी पाठवलं असतं गं, पण आबांना नाही चालणार. जुन्या काळचं माणूस. पोरगी होस्टेलात म्हटलं की जेवण सोडतील." खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. त्याची आजही लाज वाटते.

आबांनी कपबशी खाली ठेवली. "मले विचारलं का कोणी? भीती तुले वाटून राहिली, अन् नाव माझं काहून घेतो? पोरगी जाईल. मी सोडून येतो बसनं."

पप्पा चाटच पडले. "तुम्हाला ऐकू येतं?"

"बिलकुल नाही. दिसतं."

होस्टेलच्या फाटकाशी माझी पेटी खाली ठेवून आबा म्हणाले, "फोन कर, पण व्हिडिओवाला. घरी सगळे माझ्यावर ओरडतात, मग थकून पाठ फिरवतात. तोंडाकडं पाहून बोलणारी तू एकटीच होती."

"मग मला पाठवता कशाला?"

"माझ्यासाठी ठेवून घेऊ काय तुले?"

मला रडू फुटलं. तोंडावर ओढणी धरून मी कायकाय बोलत सुटले. तुमच्यामुळे आले, तुम्हाला ओळखलंच नाही, असलं बरंच काही.

आबांनी हळूच माझा हात धरला. "ओढणी काढ पोरी. काय म्हणते, दिसून नाही राहिलं."

मी ओढणी काढली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.